कपाट पॉलिशला दिलं आणि पाठ गेली

जुन्या फर्निचरमध्ये फसवणूक म्हटली की सगळ्यांना विकणाराच आठवतो, नव्या लाकडाला काळं पॉलिश मारून 'शंभर वर्षांचं' म्हणून गळ्यात मारणारा. माझ्या बाबतीत विकणारा सरळ निघाला. लुटलं ते दुरुस्त करणाऱ्याने.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात कुडाळ-कणकवली पट्ट्यातली बरीच जुनी घरं गेली. त्यांची दारं, खांब, झोपाळे जुन्या सामानाच्या बाजारात आले. तिथूनच १८ हजारांना दोन दारांचं कपाट घेतलं. दारं शिसवी, पाठ सागवानी, बिजागऱ्या ओतीव पितळेच्या. माल अस्सलच होता. पाठीच्या फळ्यांवर आतून हातकरवतीच्या सरळ, कमीजास्त अंतराच्या रेघा होत्या. यंत्राचं गोल पातं कमानीसारख्या खुणा सोडतं. स्क्रूही सगळे एका खाचेचे.

कपाट पॉलिशवाल्याकडे पोचलं आणि थोड्याच दिवसांत फोन आला, "पाठीक वाळवी लागली हा, बदलूचीच लागतली." सोबत व्हॉट्सॲपवर फोटो. फोटोत टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं, तीही फळीच्या फिक्या कडेला. ही वाळवी नव्हेच, हा घुण. वाळवी माती आणते, लाकडावर मातीच्या नळ्या करते. जिवंत घुण असेल तर भोकाखाली पिठासारखी पूड पडते. इथे भोकं जुनी, काळवंडलेली. शिवाय सागाच्या पक्क्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. मी येऊन बघतो म्हटलं, तोवर पाठ काढून झाली होती.

ऐन श्रावणात कपाट घरी आलं, आरशासारखं चकचकीत. बिलावर 'लाख पॉलिश' आणि १४ हजार. शंका तिथेच आली. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने हातानेच लाकडावर चढवतात, आणि दमट हवेत ते पॉलिश पांढरं पडतं. कोकणातला जाणता कारागीर पावसात त्याला हात लावत नाही. दाराच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा कापूस घासला. लाख असती तर चिकट होऊन कापसाला तपकिरी रंग आला असता. कापूस कोराच राहिला. स्प्रेने मेलामाइन, म्हणजे कृत्रिम रसायनाचं पॉलिश, मारलेलं होतं.

मग मुलाच्या खेळण्यातलं लोहचुंबक बिजागरीला लावलं. टकदिशी चिकटलं! पितळेला ते चिकटत नाही. हे मुलामा दिलेलं लोखंड होतं. स्क्रू स्टारचे, म्हणजे फुलीसारख्या खाचेचे, ज्यांचं पेटंट अमेरिकेत १९३६ सालचं. पाठ म्हणजे सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला प्लाय, कडेला थर मोजता येत होते.

एवढा खटाटोप कशासाठी? जुना साग घनफुटावर विकला जातो, पितळ वजनावर. आणि अस्सल जुन्या फळ्यांना 'अँटिक' बनवणाऱ्यांकडे मागणी असते. माझी पाठ एव्हाना कुणाच्या तरी नव्याकोऱ्या 'शंभर वर्षांच्या' कपाटाला लागली असेल.

तुम्ही कपाट देणार असाल तर बिजागऱ्या, कड्या आधी स्वतः काढून घरी ठेवा. प्रत्येक फळीवर आतून खूण करा आणि त्याच्यासमोर व्हिडिओ काढा. काढलेलं प्रत्येक जुनं लाकूड परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. पावती देत नसेल तर कपाट देऊ नका, ओळखीचा असला तरी. उलट ओळखीचा असेल तर पावती आधी.

माझ्याकडे बिल आणि ते व्हॉट्सॲपचे फोटो होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला, मग वकिलाची नोटीस धाडली. नोटिशीनंतर पॉलिशवाला बिजागऱ्या घेऊन दारात हजर. त्यातल्या दोन माझ्या नव्हेतच, ठसा वेगळा. फळ्यांचं विचारलं तर म्हणाला, "त्यो जाळलंय." जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. माझे कागद ओरोसला, सिंधुदुर्गाच्या जिल्हा आयोगात, दाखल झाले आहेत.