विंडोजवर नेताना : मिनजीडब्ल्यू की व्हिज्युअल सी++?

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीसाठी साच्यातील उष्णतावहनाचे गणित करणारा, लिनक्सवर घडलेला मुक्तस्रोत प्रोग्रॅम कारखान्यातील विंडोज संगणकावर न्यायचा असेल, तर मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ आणि मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ हे कंपायलरचे (लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या साधनाचे) दोन मार्ग प्रामुख्याने समोर येतात. पहिल्यात लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर जीसीसी कायम राहतो आणि फोरट्रान या गणिती कामाच्या जुन्या भाषेसाठीचा त्याचा भाग, जीफोरट्रान, तोही मिळतो. दुसऱ्यात फोरट्रान कंपायलरच नसल्याने तो बाहेरून जोडावा लागतो, शिवाय सी९९मधील (सी भाषेच्या १९९९च्या प्रमाण आवृत्तीतील) बदलत्या लांबीचे अ‍ॅरे, म्हणजे लांबी प्रोग्रॅम चालताना ठरणाऱ्या मूल्यांच्या रांगा, असलेला कोड पुन्हा लिहावा लागतो.

६४-बिट लिनक्सवर ६४ बिटांचा असणारा ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार या दोन्हींत ३२ बिटांचाच असतो, त्यामुळे गणितासाठी साच्याची जी जाळी कल्पिली जाते ती मोठी असल्यास तिच्या बिंदूंचे क्रमांक (निर्देशांक) त्यात मावत नाहीत आणि दोन्हीकडे सारखेच फसतात. ‘लाँग डबल’ हा दशांश संख्यांचा प्रकार मात्र मिनजीडब्ल्यूत इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर ८० बिटांचा, तर व्हिज्युअल सी++मध्ये साध्या ‘डबल’एवढाच, म्हणजे ६४ बिटांचा असतो, म्हणून उत्तरांचे शेवटचे अंक जुळले नाहीत, तर लगेच सूत्रावर संशय घेऊ नये. (मिनजीडब्ल्यूत विंडोजच्या जुन्या रनटाइमचा (प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या मूलभूत संचाचा) ‘प्रिंटएफ’ हा छापण्याचा आदेश वापरला गेल्यास हेच मूल्य छापताना भलताच आकडा दिसतो.)

डीबगरमध्ये, म्हणजे चुका शोधण्याच्या साधनात, व्हिज्युअल सी++ सरस आहे, आणि त्याच्यासाठी बांधलेली सी++ लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडायची असल्यास पर्यायच उरत नाही. फोरट्रान असेल, तर माझा कौल मिनजीडब्ल्यूला आहे.