एमजीबी रोडस्टर : बडोद्यात दहा महिने वापरल्यानंतर

१९७१ची क्रोम बंपरवाली एमजीबी, म्हणजे ब्रिटिश बनावटीची दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार. १७९८ सीसी इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, तारेची चाके, ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर). वापर बहुतेक रविवारी पहाटेचा: शहरात दांडिया बाजार ते सुरसागर, बाहेर हालोल-चांपानेरपर्यंत. गाडीचे रूप पहिल्या नजरेतच पटते. ती किती शाबूत आहे ते कळायला मात्र एक उन्हाळा आणि एक पावसाळा जावा लागतो.

आधी सिल. बाकीचे बहुतेक सगळे बोल्ट काढून बदलता येते, सिल येत नाही. एमजीबीला वेगळी चासी नाही. दारांखालून जाणारी सिल हाच तिचा कणा, आणि वर छप्पर नसल्यामुळे ताण सगळा तिच्यावर. बाहेरचा पत्रा चकचकीत असूनही आतला पडदा आणि खालची कॅसल रेल (सिलच्या तळाची पट्टी) कुजलेली असू शकते. तपासायला दार बंद ठेवून गाडीची एक बाजू जॅकवर घ्या. दारामागची फट बदलली किंवा दार अडकू लागले, तर सिल गेलेली आहे. लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून कडेने फिरवला की पुट्टी कुठे भरली आहे तेही समजते. सिलचा पुढचा भाग मडगार्डच्या आत जातो, त्यामुळे मडगार्ड न काढता बसवलेली नवी सिल म्हणजे वरवरची मलमपट्टी. जुनी कापताना दारे जागेवर असावीत, चौकटीत आडवी सळई वेल्ड केलेली असावी आणि वजन अॅक्सलखाली पेललेले असावे. नाहीतर बॉडी वाकते, आणि मग दार कितीही घासले तरी नीट बसत नाही.

पावसाळ्यात पुढच्या चाकामागे, मडगार्डच्या आत चिखल साठतो. तो ओला राहतो आणि पत्रा आतून खातो. दर पंधरा दिवसांनी पाइपने धुऊन काढावा, दारांच्या तळाची छिद्रे तारेने मोकळी करावीत. अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या बोगद्यात) पाणी असेल त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये. जमिनीपासून अंतर जेमतेम ५ इंच आहे आणि सायलेन्सर त्याहून आधी टेकतो. ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी शिरले त्या भागातली गाडी घेत असाल, तर कार्पेट उचलून फ्लोअर आणि सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. मूळ रचनेत तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, आणि त्यांच्या अॅसिडने पेटीचा तळ खाल्लेला असतो.

उन्हाळ्यात पाण्याचा काटा फारसा त्रास देत नाही. रेडिएटरची जाळी साफ, थर्मोस्टॅट ७४ अंशांचा आणि पंख्याचा पट्टा ताणलेला असला की मे महिन्यातही निभते. खरी अडचण पेट्रोलची. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक. गरम गाडी दहा मिनिटे उभी केली की फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळते आणि इंजिन सुरू होत नाही. मधला उष्णतारोधक पत्रा आणि त्याचे अस्तर शाबूत हवे. थांबल्यावर बॉनेट उघडे ठेवावे, आणि चालू करताना चोक न ओढता अॅक्सलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा.

ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप मऊ पडतात आणि पाझरू लागतात. सगळे पाइप आर९ दर्जाचे (इथेनॉल सोसणारे) घालणे हा पहिल्या आठवड्याचा खर्च समजा, कारण गळती थेट तापलेल्या एक्झॉस्टवर होते. एसयूचा पंप मागे असतो. चावी फिरवल्यावर तो टिकटिकतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो. टिकटिक थांबतच नसेल तर एक तर फ्लोटची सुई गळते आहे किंवा पंप हवा ओढतो आहे. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडते, तेव्हा कार्बोरेटरखालचा नट एक-दोन फ्लॅट (नटाच्या सहा बाजूंपैकी एक-दोन) खाली घ्यावा. मग कार्बोरेटरची पिस्टन उचलायची पिन हलकेच वर दाबून पिस्टन किंचित उचलून पाहावा: आवाज क्षणभर वाढून स्थिर झाला तर बरोबर, वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड, इंजिन बंद पडू लागले तर पातळ.

गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचे तेल घालू देऊ नका. गॅरेजवाले सवयीने तेच ओततात. या गिअरबॉक्सला आणि ओव्हरड्राइव्हला मिळून एकच तेल, इंजिनचेच २०डब्ल्यू५०, सुमारे ३.४ लिटर. ९० नंबर फक्त मागच्या अॅक्सलला. बोल्ट इंची आहेत, म्हणून ७/१६, १/२ आणि ९/१६चे पाने स्वतःचे ठेवा. १३ नंबरच्या पान्याने कोपरे गोल होतात. किंगपिनला (पुढचे चाक ज्यावर वळते तो खिळा) प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निप्पल आहेत. चाक उचलून ग्रीस मारले तरच ते आत शिरते. पुस्तकात ३,००० मैल लिहिले आहेत, पण इथल्या धुळीत निम्म्यावरच मारावे. बुश झिजले असतील तर मकरपुऱ्याच्या लेथवर पितळी बुश बनतात, फक्त बसवल्यावर आतले भोक मापात आणायला रीमर फिरवून घेणे चुकवू नका. टायरची चिंता नको, स्विफ्टचे १६५/८० आर१४ चालतात. तारेच्या चाकात ट्यूब मात्र हवीच.

आणि इतके सगळे करून हाती काय येते? हालोल रस्त्यावर ताशी ९०ला चौथ्या गिअरमध्ये ३,१००च्या आसपास फेरे असतात. ओव्हरड्राइव्हचे बटण दाबले की ते २,५५०वर उतरतात आणि वाऱ्याचा आवाज एक्झॉस्टच्या आवाजावर चढतो. गिअर मनगटाच्या एका हालचालीत पडतो. बूड जमिनीला लागलेले, लांब बॉनेट पुढे, पावागड समोर मोठा होत जातो. ९५ हॉर्सपॉवर आजच्या मानाने काहीच नाही, पण ओढ ३,०००लाच भरभरून मिळते, त्यामुळे इंजिन पिळावे लागत नाही.

हूड, म्हणजे कापडी छत, उतरवायचा तो ऊन लागल्यावर; थंड व्हिनाइल घडीवर तडकते. मागच्या प्लॅस्टिक खिडकीत मऊ पंचा घालून मगच घडी करावी, आणि ओला हूड एक रात्रही मिटलेला ठेवू नये.