बोर्रा गुहा, अराकू: दगड बघा, लायटिंग सोडून द्या

विशाखापट्टणमहून आंध्रातल्या अराकू या डोंगराळ खोऱ्याला जाणारे बहुतेक जण बोर्राला जेमतेम तासभर थांबतात, चार फोटो काढतात आणि पुढे कॉफी प्यायला पळतात. मी तर म्हणेन अराकूतला एखादा पॉइंट कमी करा पण इथे निवांत दोन तास ठेवा, एवढी भारी जागा आहे.

आपण सगळे लेणी बघत मोठे झालो, अजिंठा वेरूळ कार्ले, म्हणजे माणसानं छिन्नी हातोडा घेऊन बेसाल्टमध्ये कोरलेलं काम, त्यामुळे इथेही खांब आणि मूर्ती असतील असं वाटतं. तसलं काही नाही. हा चुनखडीचा डोंगर आहे, पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडक विरघळवत खाली झिरपतं, शिवाय गोस्थनी नदीनं आतून पोखरलंय ते वेगळंच. मग छतातून टपकणारा प्रत्येक थेंब कणभर चुना मागे ठेवतो, वरून लोंबतात ते स्टॅलॅक्टाइट, जमिनीवरून वर येतात ते स्टॅलॅग्माइट, आणि काही ठिकाणी दोघं एकमेकांना भेटून सलग खांब झालेत. हे सगळं इतकं हळू चालतं की शंभर वर्षांत फारसा फरक दिसणार नाही, त्यामुळे प्लीज हात लावू नका, हाताचं तेल लागलं की तिथली वाढ बिघडते. लोक मात्र थोपटत फिरत होते.

तोंड अवाढव्य आहे, उजेड बराच आत येतो, मग पायऱ्या उतरत उतरत खाली. खोली साधारण ८० मीटर. आत दमट आणि ओलं असतं, साधी चप्पल घालून जाऊ नका.

आता देऊळ. आत उंचावर छोटंसं शिवाचं ठाणं आहे, वर जायला अरुंद आणि चढा जिना आहे, आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर खालूनच नमस्कार करू दे. गोष्ट अशी सांगतात की वर चरणारी गाय छताच्या भोकातून आत पडली, गुराखी शोधत आला तर ती लिंगाजवळ सुखरूप, मग गावकऱ्यांनी तिथे पूजा सुरू केली. छताला खरंच भोकं आहेत, त्यामुळे आत उभं राहून ऐकलं की गोष्ट पटायला लागते! लिंग कुणी घडवलेलं नाही, तो चुन्याचाच आकार आहे, आणि वरच्या दगडाला कामधेनू मानतात, तिच्या आचळातून गोस्थनी निघाली अशी श्रद्धा. हीच नदी पुढे भीमुनिपट्टणमजवळ समुद्राला मिळते. मी काही फार देवभोळा नाही, पण मला गुहेतला सगळ्यात आवडलेला कोपरा हाच, कारण बाकी ठिकाणी गाइड ही ऋषींची दाढी, ही मगर, हा माणसाचा मेंदू असं दाखवत सुटतो आणि आपण दगड बघायचा सोडून कोडी सोडवत बसतो.

खटकलं ते लायटिंग. लाल, हिरवा, निळा, जांभळा, लग्नाच्या हॉलसारखं! खडकाचे स्वतःचे रंग इतके सुंदर आहेत, पिवळट, तांबूस, राखाडी, ते दिसतच नाहीत. शिवाय दिवे सतत चालू राहिले की ओल्या चुनखडीवर हिरवं शेवाळ धरतं, हा जगभरच्या अशा गुहांचा प्रॉब्लेम आहे. साधा पांढरा मंद उजेड पुरला असता. छोटी टॉर्च न्या, तिच्या उजेडात भिंत वेगळीच दिसते.

जाताना ट्रेनच घ्या. विशाखापट्टणमहून सकाळी सुटणाऱ्या किरंदुल गाडीनं बोर्रा गुहालू स्टेशनला उतरायचं, मोठ्या काचांचे डबेही असतात पण त्यांचं बुकिंग लवकर संपतं. हा मार्ग १९६० च्या दशकात छत्तीसगडमधल्या बैलाडिलाचं लोहखनिज बंदरापर्यंत न्यायला बांधला, घाटात बोगद्यामागून बोगदा येतो. परत येताना रस्त्यानं या, म्हणजे अनंतगिरीचे कॉफीचे मळे बघता येतात.

महाशिवरात्रीला जत्रा भरते, नुसती गुहा बघायची असेल तर तो दिवस टाळा. बाहेर माकडं आहेत, खाऊची पिशवी हातात धरून फिरू नका. आणि बांबू चिकन सोडू नका, हिरव्या बांबूच्या नळीत मसाला लावलेलं चिकन भरून निखाऱ्यावर भाजतात, तेलाचा थेंब नाही, पण वेळ लागतो, म्हणून गुहेत शिरायच्या आधीच ऑर्डर देऊन ठेवा.