वनपट्टा आधी की सामूहिक वनहक्क?

गावात वनहक्काचा विषय निघाला की पहिला शब्द येतो तो ‘प्लॉट’. 2006 च्या वनहक्क कायद्यात मात्र मार्ग दोन आहेत, कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक पट्टा आणि गावाच्या जंगलावरचा सामूहिक हक्क, आणि दोन्ही दावे करता येतात. अडचण मनुष्यबळाची असते. कागद जमवणारी चार माणसं, मजुरी बुडवून तालुक्याला मारायच्या खेपा, हे सगळं मोजकंच. म्हणून आधी काय, ते ठरवावं लागतं.

वैयक्तिक पट्ट्यासाठी जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताब्यात हवी. मिळते ती प्रत्यक्ष ताब्यातली, जास्तीत जास्त 4 हेक्टर. नाव नवरा-बायको दोघांचं लागतं, जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. शेतातून उठवलं जाण्याची धास्ती असेल, तर हाच दावा आधी करा.

सामूहिक हक्काला 4 हेक्टरची मर्यादा नाही. गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखायचा, वापरायचा आणि बांबू-तेंदू विकायचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. ज्या घराकडे गुंठाभरही जमीन नाही, त्यालाही यात वाटा आहे. माझ्या लेखी हीच सर्वांत मोठी गोष्ट, कारण पट्ट्यांच्या वाटपात भूमिहीन घर बाहेरच राहतं. म्हणून उठवलं जाण्याची भीती नसेल आणि हद्दीत जंगल उभं असेल, तर मी सामूहिक दावा आधी करायला सांगेन.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टरवर हा हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडला. हक्काचा कागद मिळाल्यावरही भांडावं लागतं, हे धरूनच चाला.

पुराव्याचं दडपण घेऊ नका. सामूहिक दाव्याला म्हाताऱ्यांचे जबाब, निस्तार पत्रक (सरपण-चराईसारख्या गावाच्या वापराची सरकारी नोंद), देवाची जागा, जुनी मसणवट, सगळं चालतं. खरी डोकेदुखी हद्दीची. शेजारच्या गावाला सोबत घेऊनच शिवार फिरा, म्हणजे पुढे हरकत येणार नाही. त्याच फेरीत कसलेले प्लॉटही नोंदवून घ्या.

आदिवासी विकास विभाग या कायद्याची नोडल, म्हणजे अंमलबजावणीचा समन्वय पाहणारी यंत्रणा आहे. त्याचा अधिकारी दावे तपासणाऱ्या उपविभागीय आणि जिल्हा, दोन्ही समित्यांवर असतो. पण दावा मंजूर करणारी जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालते. त्यामुळे या विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडून मदत हक्कानं मागा, मंजुरीची आशा मात्र तिथे लावून बसू नका. वनखात्याचे आणि महसुली नकाशे, मतदार यादी ग्रामसभेला पुरवणं हे प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीचं काम आहे. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दाव्याच्या ठरावाला ग्रामसभेचे निम्मे सभासद हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. ही सभा तेंदूच्या हंगामात ठेवू नका. मे महिन्यात पहाटेपासून सगळं गाव जंगलात असतं.