जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठीचे ब्लॉक्ड अकाउंट : बारा हप्त्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात माझ्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवलेल्या आणि ती दरमहा हप्त्याने परत देणाऱ्या खात्यातून, ९९२ युरोंचा बारावा आणि अखेरचा हप्ता माझ्या चालू खात्यात जमा झाला. खाते कसे उघडायचे आणि व्हिसाच्या अर्जाला कोणती कागदपत्रे जोडायची, हे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. सप्टेंबर २०२४ पासून या खात्यात भरायची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली. आधी ती ११,२०८ होती. म्हणजे महिन्याचे ९३४ युरो ९९२ झाले आणि तेवढी जास्तीची रक्कम आम्हाला निघण्यापूर्वीच उभी करावी लागली. स्वतःचेच पैसे अडकवून ठेवायचे, त्यावर व्याज नाही, उलट खाते सांभाळण्याचे शुल्क दरमहा द्यायचे, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होते.

सप्टेंबरच्या मध्यावर मी पोहोचलो तेव्हा जवळ ७०० युरो रोख होते. पहिली खोली तात्पुरती होती आणि तिच्या मालकाने राहत असल्याचा दाखला देण्यास नकार दिला. त्या दाखल्याशिवाय आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी होत नाही आणि ब्लॉक्ड अकाउंट चालवणाऱ्या माझ्या संस्थेला नोंदणीचा कागद मिळाल्याशिवाय ती खाते चालू करत नव्हती. १ ऑक्टोबरला मी दोघा सहनिवाशांबरोबर सामायिक घरात राहायला गेलो. तिथल्या मालकिणीने दाखला त्याच दिवशी सही करून दिला. नियमाप्रमाणे नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते, पण मला वेळ मिळाली ती १६ ऑक्टोबरची. तिथून पुढे संस्थेने चार दिवसांत तपासणी पूर्ण केली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिला हप्ता माझ्या चालू खात्यात आला.

पैसे आले, पण ते काढता येईनात. बँकेचे कार्ड आणि पिन वेगवेगळ्या टपालाने येतात, आणि माझी दोन्ही पाकिटे परत गेली. मी बँकेला आणि ब्लॉक्ड अकाउंटच्या संस्थेला रोज ई-मेल पाठवत होतो आणि दोघींकडून पत्र रवाना झाल्याचेच उत्तर येत होते. चूक मात्र इमारतीच्या दारातल्या पत्रपेटीवर होती. जर्मनीतल्या बहुतेक इमारतींत घराला क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. आमच्या पेटीवर माझ्या सहनिवाशांची दोन आडनावे होती, माझे नव्हते. ते समजताच मी वहीच्या कागदाची पट्टी कापून चिकटवली, पण तिच्यावर नेहमीच्या सवयीने फक्त स्वतःचे पहिले नाव लिहिले, आडनाव नाही. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात माझे आणि वडिलांचे नाव एकत्र आहे. बँकेने ती दोन्ही आणि आडनाव मिळून पाकिटावर छापले होते. दुसऱ्या खेपेचे पाकीटही परत गेले. मग मालकिणीने आडनावाची छापील पट्टी लावली आणि २७ नोव्हेंबरला पिन हातात पडला. तोवर नोव्हेंबरचे भाडे मी एका सहनिवाशाकडून उसने घेतले होते, आणि त्याची भरपाई कोणत्याही शुल्कातून झाली नाही.

त्या संतापात मी ही सेवा कोणीही घेऊ नये असे लिहायचे ठरवले होते. आज ते मत बदलले आहे, पूर्ण नव्हे, पण बरेच. त्यानंतरचे अकरा हप्ते महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, एकदाही न चुकता आले. भाडे आणि आरोग्य विमा यांची तरतूद त्यातून आधी होत असल्याने मार्चपर्यंत मी कोणाकडे हात पसरला नाही. पुढे विद्यापीठात आठवड्याला आठ तासांचे काम मिळाले. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, त्यामुळे मर्यादेची काळजी नव्हती.

व्हिसा सहा महिन्यांचा होता, म्हणून जानेवारीतच परदेशी नागरिक कार्यालयाकडे निवास परवान्याचा अर्ज केला. व्हिसा संपण्यापूर्वी अर्ज केला की निर्णय होईपर्यंत वास्तव्य वैध राहते आणि त्यासाठी फिक्शन्सबेशाइनिगुंग नावाचे पत्र मिळते. त्या वेळी ब्लॉक्ड अकाउंटच्या विवरणपत्राचा उपयोग झाला: शिल्लक किती आणि दरमहा किती येते, हे एकाच पानावर दिसत असल्याने अधिकारी बाईंनी दुसरा कागद मागितला नाही. भेटीचे पत्रही टपालानेच आले, आणि या वेळी ते पेटीत पडले.

पुढील वर्षासाठी मी खाते पुन्हा भरणार नाही. पगाराच्या पावत्या आणि घरून येणाऱ्या रकमेचा पुरावा पुरेल, असे मला कार्यालयात सांगण्यात आले आहे. पुढच्या महिन्यात मी खोली बदलतो आहे. नव्या मालकाला पत्रपेटीवर नेमके कोणते आडनाव कोणत्या अक्षरांत छापायचे, हे मी किल्ली मिळण्यापूर्वीच ई-मेलने कळवले आहे.