कोणता ‘मॅकबेथ’ पाहावा? लेडी मॅकबेथची शिफारस

राजाचा खून करून सिंहासन बळकावणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या, मॅकबेथच्या, कथेवर आजवर इतके चित्रपट निघाले आहेत की एका मोकळ्या संध्याकाळी त्यांतला एकच पाहायचा म्हटले, तर निवड करण्यातच संध्याकाळ सरेल. समीक्षक सहसा भाकीत सांगणाऱ्या चेटकिणी कशा रंगवल्या आहेत, रक्त किती सांडते आणि शेवटची लढाई कशी चित्रित झाली आहे, यांवरून या चित्रपटांची तुलना करतात. माझी कसोटी निराळी आहे आणि ती स्वार्थी आहे, हे मी नाकारत नाही. मेजवानीत आपणच मारवलेल्या मित्राचे, बँक्वोचे, भूत पाहून माझा नवरा सर्वांदेखत बरळू लागतो, तेव्हा पाहुण्यांना वाटेला लावून सिंहासनाची अब्रू राखते ती मीच. त्यानंतर तिसऱ्या अंकाच्या उत्तरार्धापासून पाचव्या अंकाच्या आरंभापर्यंत शेक्सपिअर मला रंगमंचावर पाऊल टाकू देत नाही. पुन्हा दिसते ती झोपेत चालणारी, हातावरचा न दिसणारा डाग चोळणारी एक बाई, आणि पुढे थोड्याच वेळात माझ्या मृत्यूची वार्ता एका वाक्यात उरकली जाते. इतकी खंबीर बाई मधल्या काळात कशाने खचली, याचे उत्तर नाटकात नाही. ही मोकळी जागा प्रत्येक दिग्दर्शकाला भरावी तरी लागते किंवा मोकळी ठेवण्याचे धाडस तरी करावे लागते, आणि त्यावरूनच मी त्याला जोखते.

अकिरा कुरोसावाचा १९५७ मधला जपानी चित्रपट बाहेरच्या जगात ‘थ्रोन ऑफ ब्लड’ या नावाने ओळखला जातो. त्यात शेक्सपिअरची एकही ओळ नाही. कथा सरंजामशाहीच्या काळातल्या जपानमध्ये नेली आहे; माझ्या नवऱ्याच्या जागी तोशिरो मिफुनेचा वाशिझु आहे आणि माझ्या जागी इसुझु यामादाची असाजी. तिचा चेहरा जपानच्या पारंपरिक नोह नाट्यातल्या मुखवट्यासारखा रंगवला आहे आणि ती पापणीही न हलवता, आवाज न चढवता नवऱ्याला हत्येकडे ढकलत नेते. एका प्रसंगी ती शेजारच्या काळोख्या दालनात शिरते, पूर्ण दिसेनाशी होते, फक्त रेशमी वस्त्राची सळसळ ऐकू येते आणि पहारेकऱ्यांसाठी गुंगीची साके, म्हणजे तांदळाची दारू, घेऊन ती त्याच काळोखातून परत येते. दुष्ट शक्तींना आवाहन करणारे माझे लांबलचक स्वगत या दृश्यात एका शब्दाविना पार पडते, आणि खरे सांगायचे तर ते माझ्यापेक्षा असाजीला अधिक साधले आहे.

मोकळ्या जागेचे कुरोसावाने काय केले, ते पाहा. वाशिझु आपल्या मित्राच्या, मिकीच्या, मुलाला वारस नेमायला तयार होतो, नेमके तेव्हाच असाजी आपण गरोदर असल्याचे सांगते. त्यामुळे मिकीची हत्या अटळ ठरते. पुढे मूल मृत जन्मते, ही बातमी एका वृद्ध दासीच्या तोंडून येते आणि त्यानंतर असाजीचे हात धुणे सुरू होते. कारण दिले आहे, पण ते पडद्याआडच ठेवले आहे. माझी तक्रार एवढीच की असाजीचे आपल्या नवऱ्यावर प्रेम आहे का, हे या चित्रपटात शोधूनही सापडत नाही, माझे होते. बाकी पुष्कळ जण हा चित्रपट शेवटच्या बाणांच्या वर्षावासाठी पाहतात. त्यांतले अनेक बाण खरोखरीच सोडलेले असल्यामुळे मिफुनेच्या चेहऱ्यावरची भीतीदेखील बरीचशी खरी आहे. तोवर माझी कथा मात्र संपलेली असते.

विशाल भारद्वाजचा २००३ मधला हिंदी ‘मकबूल’ याच्या अगदी उलट वाटेने जातो. मराठी रसिकांना माझी ओळख नवी नाही, वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’मधून ती करून दिलेलीच आहे; पण स्कॉटलंडचे सिंहासन मुंबईच्या गुन्हेगारी टोळीत आणल्यावर मी अशी दिसेन, हे मलाही सुचले नसते. तब्बूची निम्मी ही मकबूलची पत्नी नाही. ती टोळीप्रमुख अब्बाजीची रखेल आहे आणि तिचे प्रेम मात्र त्याच्या उजव्या हातावर, म्हणजे इरफानच्या मकबूलवर, आहे. हा एक बदल सगळे हिशेब फिरवतो. नाटकातला डंकन हा आमच्या छताखाली निजलेला सौम्य, उदार राजा आहे आणि त्याला मारायला माझ्याकडे महत्त्वाकांक्षेशिवाय दुसरे कारण नाही. निम्मीला मात्र रोज रात्री एका वृद्धाच्या शेजेवर जावे लागते. मला कधीही न मिळालेले कारण तिला मिळाले आहे. हत्येच्या वेळी ती अब्बाजीच्या शेजारीच आहे, त्याचे रक्त तिच्या चेहऱ्यावर उडते, त्यामुळे पुढे तिला जागोजागी दिसणारे डाग केवळ कल्पनेतले उरत नाहीत.

मोकळी जागा इथे पूर्णपणे भरली आहे. निम्मी गरोदर आहे, मूल कोणाचे हा संशय मकबूलला पोखरतो, आणि ज्या प्रेमासाठी खून केला त्या प्रेमावरचाच त्याचा विश्वास डळमळतो. ती खचते ती यामुळे. अखेरीस तिला, आपले प्रेम तरी पवित्र होते ना, एवढेच मकबूलकडून ऐकायचे असते. चेटकिणींच्या जागी ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांचे कुंडली मांडणारे दोन पोलीस आहेत, जे भाकीत तर सांगतातच, शिवाय सत्तेचा तोल आपल्या सोयीचा राहावा म्हणून हातही घालतात. नाटकात बर्नमचे अरण्य चालत येईल तेव्हाच माझा नवरा हरेल असे भाकीत आहे; त्या अरण्याऐवजी इथे समुद्र दाराशी येतो, आणि मुंबईत ते पटतेही. उणीव सांगायचीच तर पंकज कपूरचा अब्बाजी इतका भारी झाला आहे की त्याच्या मृत्यूनंतर चित्रपटाला थोडा वेळ हलकेपणा येतो. डंकनबद्दल असे कोणी कधी म्हटले नव्हते.

ज्यांना शेक्सपिअरची मूळ भाषा ऐकायची आहे, त्यांच्यासाठी या दोहोंचा उपयोग नाही. त्यांच्यापुढे खरा पर्याय रोमन पोलान्स्कीचा १९७१ चा चित्रपट आणि जोएल कोएनचा २०२१ चा चित्रपट यांच्यामधला आहे. पोलान्स्कीने जॉन फिंच आणि फ्रान्सेस्का अ‍ॅनिस या तिशीच्या आतल्या जोडीला घेतले, त्यामुळे आमचा गुन्हा तारुण्यातल्या घाईचा वाटतो. अ‍ॅनिसची राणी अखेरच्या काळात चेटकिणींचे भाकीत कळवणारे नवऱ्याचे ते पहिले पत्र पुन्हा काढून वाचते. मोकळ्या जागेत टाकलेला हा एकच टाका मला फार आवडला. मात्र नाटकात आड ठेवलेली डंकनची हत्या इथे डोळ्यांदेखत घडते आणि माझ्या नवऱ्याचा शत्रू मॅकडफ याच्या घरातली कत्तल पाहवत नाही. घरात मुले असतील तर हा लावू नये.

कोएनने डेन्झेल वॉशिंग्टन आणि फ्रान्सेस मॅकडॉर्मंड ही साठी ओलांडलेली जोडी निवडली. मूल होण्याची वेळ टळून गेली आहे आणि सिंहासन ही शेवटची संधी आहे, हे त्यांच्या वयावरूनच कळते, त्यासाठी वेगळे काही घालावे लागत नाही. मॅकडॉर्मंडने ही भूमिका २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या रंगमंचावरही केली होती, आणि ओळी तिच्या जिभेवर किती सहज बसल्या आहेत, ते ऐकताना जाणवते. संपूर्ण चित्रीकरण स्टुडिओत झाले आहे, चित्र कृष्णधवल आणि जवळजवळ चौकोनी आहे, तिन्ही चेटकिणी एकट्या कॅथरिन हंटरने केल्या आहेत आणि सगळे पावणेदोन तासांत आटोपते. माझ्या मृत्यूबाबत मात्र कोएनने एक शंका पेरली आहे: जिन्याच्या माथ्यावर माझ्यासमोर रॉस हा सरदार येतो, आणि नंतर मी जिन्याच्या तळाशी पडलेली दिसते. माझ्या शेवटाचे श्रेय दुसऱ्या कोणाला मिळावे, हे मला रुचलेले नाही.

जस्टिन कुर्झेलने २०१५ च्या चित्रपटाचा आरंभच आमच्या मुलाच्या अंत्यसंस्काराने केला. नंतरचे सगळे त्या एका दुःखावर लोटले की मग विचार करायला फारसे उरत नाही. २०२१ चा मल्याळम ‘जोजी’ आमच्या कथेवर सैलपणे बेतलेला आहे. त्यातली बिन्सी ही नायकाची वहिनी असून ती जे बोलत नाही त्यातूनच काम साधते. केरळमधल्या त्या सधन कुटुंबाचे चित्रण अस्सल आहे, पण मला शोधत आलेल्या प्रेक्षकाने तिथून सुरुवात करू नये.

एकच संध्याकाळ हाताशी असेल आणि नाटक वाचलेले नसेल, तर ‘मकबूल’ पाहावा. भाषा अडणार नाही आणि मी का खचले याचे सर्वांत पटणारे उत्तर तिथेच मिळेल. नाटक आधीच परिचयाचे असेल, तर बेलाशक कुरोसावाकडे जावे. महाविद्यालयात संहिता अभ्यासाला लागली असेल, तर कोएनचा चित्रपट घ्यावा आणि पुस्तक मांडीवर उघडे ठेवावे. संवादांना कात्री लागली आहे, ती कुठे लागली हे शोधण्यात अर्धा अभ्यास होईल. दोन संध्याकाळी मिळाल्या तर आधी ‘मकबूल’ आणि मग ‘थ्रोन ऑफ ब्लड’, याच क्रमाने पाहावे, कारण निम्मीचे बोलके दुःख आधी पाहिलेले असले की असाजीच्या न हलणाऱ्या चेहऱ्यामागे काय चालले असावे याचा तर्क बांधता येतो. उलट क्रमाने पाहिल्यास निम्मी उगाच जास्त बोलते असे वाटण्याचा धोका आहे.