आरशासारखा रंधा आणि रंगाखालचा तडा

‘पूर्ण दुरुस्त, धार लावलेली, थेट वापरायला तयार’ अशा वर्णनासह जुन्या सुतारी हत्यारांचा एक संच ऑनलाइन विकला गेला. त्यात स्टॅन्ली बनावटीचा पाच नंबरचा लोखंडी रंधा होता, १४ इंच लांब, २ इंच रुंद पात्याचा. सोबत तीन पटाश्या आणि एक हातकरवत. फोटोत सगळं झळकत होतं. संच हातात आल्यावर तासाभरात कळलं की रंध्याच्या बाजूच्या भिंतीला तडा आहे, दोन पटाश्यांचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलेलं आहे आणि करवतीला मोड आहे. विक्रेत्याने हात वर केले. माल पाठवला तेव्हा शाबूत होता, तडा वाटेत गेला असणार, असं त्याचं म्हणणं. ते खोटं होतं हे तड्यानेच दाखवून दिलं.

या संचात जे जे लपवलेलं निघालं ते क्रमाने लिहितो आहे, कारण यातली एकही युक्ती नवी नाही. जुनी हत्यारं विकणारे अनेकजण प्रामाणिक असतात. पण बफिंगचं चाक आणि काळ्या स्प्रेचा डबा एवढ्या भांडवलावर भंगारातलं हत्यार ‘दुर्मीळ’ म्हणून खपवणारेही आहेत, आणि नवशिका त्यांच्याच जाळ्यात आधी सापडतो. गंजलेलं हत्यार काही लपवत नाही. खड्डे कुठे आहेत, मूळ रंग किती उरलाय, कोणता स्क्रू नंतर घातलाय, सगळं उघड दिसतं. चकाकी आणताना हे सारे पुरावे घासून जातात.

रंध्यापासून सुरुवात करू. रंध्याचा सांगाडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड कडक असतं पण ठिसूळ. हातातून फरशीवर पडलं की वाकत नाही, तडकतं. तडे बहुतेक दोन जागी जातात: तोंडाच्या, म्हणजे तळातल्या पाते बाहेर येण्याच्या फटीच्या, दोन्ही टोकांना, कारण तिथे धातू सर्वांत कमी असतो, आणि बाजूच्या भिंतींना. या रंध्यात डाव्या भिंतीचा तडा वरच्या कडेपासून खाली तळापर्यंत आला होता. आतल्या बाजूने त्यात इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) भरून वर जाड काळा रंग मारला होता. बाहेरची बाजू बफ केल्यामुळे धातूची कड तड्यावर ओढली गेली होती आणि नुसत्या डोळ्यांना रेघ दिसत नव्हती.

हे ओळखायचं कसं? पाते, लिव्हर कॅप (पाते दाबून धरणारं झाकण), फ्रॉग (पाते ज्यावर टेकतं तो तिरका भाग) आणि दोन्ही मुठी काढून सांगाडा मोकळा करा. मागच्या टोकाला दोन बोटांत हलका धरून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टिचकी मारा. शाबूत बीड घंटेसारखं घुमतं, तडकलेलं बद्द वाजतं. सुटे भाग काढल्याशिवाय ही परीक्षा करू नका, कारण सैल स्क्रूमुळेही आवाज बसतो. शंका आली तर रॉकेल लावलेलं फडकं बिनरंगाच्या भागावर फिरवा, दोन मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरवा. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर गडद रेघ उमटते. या रंध्यावर ती रेघ लगेच उमटली. मोठा खड्डा इपॉक्सीने भरला असेल तर लहान, कमी ताकदीचं लोहचुंबक भिंतीवरून सरकवा. बिडावर ते धरतं, भरावावर सैल पडतं. पितळेच्या पाझराने जोडलेला तडा मात्र पिवळसर रेघेवरून ओळखू येतो, आणि विक्रेत्याने तो सांगितला असेल तर त्यात फसवणूक नाही.

आता ‘वाटेत तुटला’ या दाव्याकडे. बीड नुकतं तडकलं असेल तर तुटलेला पृष्ठभाग राखाडी, स्वच्छ आणि दाणेदार दिसतो. जुना तडा आतून तपकिरी किंवा काळपट असतो, कारण त्यात वर्षानुवर्षं तेल आणि ओल गेलेली असते. इथे इपॉक्सी खरवडल्यावर आतून गडद तपकिरी गंज निघाला. शिवाय वाटेतल्या तड्यावर विक्रेत्याचा रंग कसा चढेल? म्हणून पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या. खोका सहा बाजूंनी दाखवा, मग उघडा, आणि प्रत्येक नग उजेडात फिरवून दाखवा. तडा दिसलाच तर तो साफ करण्याआधी जवळून फोटो काढा. इपॉक्सी खरवडण्याची घाई केली तर तुमचाच पुरावा तुम्ही घालवता.

रंगाविषयी थोडं. या रंध्यांना मुळात जपानिंग असायचं: डांबरासारखं अस्फाल्टम, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण लावून भट्टीत भाजलेला थर. तो जाड, चमकदार काळा असतो आणि जुना झाला की जागोजागी उडतो. सत्तर-ऐंशी टक्के जपानिंग शिल्लक असलेला रंधा मला नव्याने रंगवलेल्या रंध्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो. स्प्रेचा रंग नखाने किंवा थिनरच्या बोळ्याने पटकन निघतो. त्याचा खरा उपद्रव वेगळ्याच जागी होतो. फ्रॉग सांगाड्यावर मशीन केलेल्या उघड्या जागांवर बसतो. त्या जागांवर रंग बसला की फ्रॉग पूर्ण टेकत नाही, पाते थरथरतं आणि लाकडावर आडव्या लाटा उमटतात. नवशिका मग धारेला दोष देत बसतो. या जागा ब्लेडने खरवडून उघड्या धातूपर्यंत आणाव्या लागतात.

भागांची जुळवाजुळव ही दुसरी लबाडी. वर्णनात रंधा ‘१९१०च्या काळातला, मूळ अवस्थेत’ असा होता. सांगाड्यावर फ्रॉगच्या मागे पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या होत्या, दोन १९०२च्या आणि एक १९१०ची. असे सांगाडे साधारण १९१० ते १९१८ या काळातले, त्यामुळे तेवढं खरं होतं. पण लिव्हर कॅपचं भोक मूत्रपिंडाच्या आकाराचं होतं, आणि ते १९३३पासून आलं. त्याआधीचं भोक किल्लीच्या भोकासारखं असे. म्हणजे निदान दोन रंध्यांचे भाग एकत्र केले होते. कामाच्या दृष्टीने लिव्हर कॅप बदललेली असणं हा दोष नाही, बसते आणि दाबते तोवर काही बिघडत नाही. बदललेला फ्रॉग मात्र तपासलाच पाहिजे, कारण वेगवेगळ्या काळातल्या फ्रॉगची बैठक वेगळी असते. आणि ‘मूळ’ म्हणून जास्त पैसे घेतले असतील, तर ती सरळ फसवणूक आहे.

स्क्रूकडे कुणी बघत नाही, आणि तिथेच महागात पडतं. स्टॅन्लीच्या फ्रॉगच्या स्क्रूचा व्यास साधारण ५.५ मिमी आणि इंचाला २० आटे. हा आटा बाजारातल्या ठरलेल्या मापांत बसत नाही, त्यामुळे साधा स्क्रू त्यात जात नाही. इथे दोनपैकी एका भोकात ६ मिमीचा मेट्रिक आटा पाडून नवा स्क्रू ठोकला होता. एकदा भोक मोठं झालं की दुसऱ्या रंध्यातून मूळ स्क्रू आणूनही उपयोग नाही. घेण्याआधी दोन्ही स्क्रू बाहेर काढून शेजारी ठेवलेला फोटो मागा. डोकं, लांबी, आटे सगळं जोडीने सारखं दिसलं पाहिजे.

तळही फसवा होता. बेल्ट सँडरवर घासलेला तळ चमकतो पण सपाट नसतो, आणि पुढची-मागची कड गोल होते. पोलादी पट्टी तळावर लांबीने, मग कर्णात उभी धरा आणि मागून टॉर्च मारा. पुढचं टोक, तोंडाची लगतची पुढची पट्टी आणि मागचं टोक हे तिन्ही पट्टीला टेकले तर मधल्या उथळ जागेने काही अडत नाही. तोंडाच्या पुढे उजेड दिसला आणि साधा लिहिण्याचा कागद, म्हणजे सुमारे ०.१ मिमी, आत सरकला तर तिथे काम निघणार. तळ सपाट करायचा तर जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून घासावा. घासताना पाते आत ओढलेलं पण लिव्हर कॅप नेहमीइतकी आवळलेली हवी, कारण त्या ताणाने तळ किंचित वाकतो आणि कामाच्या वेळीही तसाच असतो. तळावर मार्करच्या रेघा मारल्या की कुठे घासलं जातंय ते दिसतं.

पात्याचा फोटो विक्रेत्याने फक्त धारेकडून दिला होता. पात्याच्या मधल्या खाचेपासून धारेपर्यंत किती पोलाद उरलंय ते बघायचं असतं. इथे जेमतेम १५ मिमी होतं, म्हणजे पाते संपत आलेलं. काही जुन्या पात्यांत फक्त धारेच्या बाजूला पोलादाची पातळ पट्टी मऊ लोखंडावर जोडलेली असते. ती झिजून संपली की उरलेलं कितीही घासा, धार टिकत नाही. धारेच्या उतारावर व्हिनेगरचा थेंब ठेवला की पोलाद आणि लोखंड वेगळ्या रंगाचे दिसतात आणि जोडाची रेघ उघड होते.

पटाश्यांमधली लबाडी सर्वांत दुष्ट, कारण ती वापरल्याशिवाय कळत नाही. साध्या कार्बन पोलादाच्या पटाशीचं टोक ग्राइंडरवर तापलं की आधी गवती पिवळा रंग येतो, साधारण २२० अंश सेल्सियसला, आणि ३००च्या आसपास निळा. निळा आला म्हणजे पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ झाला. प्रामाणिक माणूस तो निळा डाग तसाच ठेवतो किंवा तेवढा भाग थंड पाण्यात बुडवत बुडवत घासून काढतो. इथे निळेपणा बफने पुसला होता आणि मऊ पोलाद तसंच ठेवलं होतं. चांगली बारीक कानस घ्या आणि धारेजवळ एकदा, मुठीजवळ एकदा हलकी ओढा. धारेजवळ ती बरीचशी घसरली पाहिजे आणि मुठीजवळ चावली पाहिजे. दोन्हीकडे सारखीच चावली तर धार मऊ आहे. कठीण लाकडात चार-सहा ठोक्यांनंतर धार दुमडली तर मऊ, तुकडे उडाले तर जास्त कडक, हेही लक्षात ठेवा.

दुसरी खूण पाठीवर. पटाशीची पाठ सपाट असली तरच ती सरळ कापते. बफच्या चाकावर धारेजवळचे २-३ मिमी गोल होतात. पाठीवर मार्कर फासून सपाट दगडावर दहा वेळा घासा. धारेलगत काळी पट्टी तशीच राहिली तर पाठ गोल झाली. मग एकतर पूर्ण पाठ घासा, नाहीतर तेवढी लांबी घालवा. बफने गंजाचे खड्डेही चकाकतात, त्यांच्या कडा गोल होतात आणि फोटोत ते जवळजवळ दिसेनासे होतात, पण धार त्यांच्यापर्यंत पोचली की प्रत्येक खड्डा धारेतला खाचा बनतो. आणखी एक सोपी पारख: ठसा. बनवणाऱ्याच्या नावाच्या कडा बोथट, अक्षरं उथळ आणि अर्धवट असतील तर पृष्ठभागावरून बराच धातू गेलाय. काही जुन्या पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा असतो. तो मुशीत वितळवलेल्या पोलादाचा, त्याचा बिडाशी संबंध नाही. ‘ओतीव म्हणून कमी प्रतीची’ असं सांगून कुणी तुमची चांगली पटाशी स्वस्तात मागत असेल तर देऊ नका.

करवतीचं थोडक्यात. मुठीकडून दातांच्या रेषेत एक डोळा मिटून बघा; मोड लगेच दिसतो. सलग हलका बाक काढता येतो, एकाच जागी पडलेली तीक्ष्ण मोड सहसा पूर्ण जात नाही. मुठीवरचं पदक (उत्पादकाचा गोल धातूचा बिल्ला) बघून नाव ठरवू नका, ते स्क्रूसारखं निघतं आणि दुसऱ्या करवतीवर बसतं. गरुडाचं चित्र आणि ‘वॉरंटेड सुपीरियर’ असं पदक अनेक उत्पादक आपल्या दुय्यम करवतींवर लावत, तरी ती नामांकित करवत म्हणून विकली जाते. खरी ओळख पात्यावरच्या कोरीव छापात असते, आणि सँडरने तोच आधी जातो.

विकत घेण्याआधी हे फोटो मागा: पट्टी धरलेला तळ, दोन्ही भिंती आतून आणि बाहेरून, तोंडाची दोन्ही टोकं, फ्रॉग काढलेला सांगाडा, पाते पूर्ण लांबीचं, पटाशीची पाठ तिरक्या उजेडात, करवत दातांच्या रेषेत. शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद असावा, म्हणजे दुसऱ्याच नगाचे फोटो खपवता येणार नाहीत. ‘तडा, जोड, वेल्डिंग नाही ना?’ हे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ज्याला फ्रॉगचे दोन स्क्रू काढायचा कंटाळा आहे, त्याने दुरुस्ती केली असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही.

गंज काढायला चकाकीची गरजच नसते. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, त्यात सुटे भाग दोन ते सहा तास, मधूनमधून ब्रश. नंतर पाण्याने धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, ताबडतोब गरम हवेने वाळवा आणि तेल लावा. रात्रभर विसरलात तर पोलाद खरबरीत होतं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडून गंज काढायची पद्धत चांगली आहे, पण ती जपानिंगही उचलते, आणि त्यात स्टेनलेसचा तुकडा कधीच टाकू नये, विषारी क्रोमियम तयार होतं.

या संचाचं पुढे असं झालं: एका पटाशीचं टोक ४ मिमी घासल्यावर खाली कडक पोलाद लागलं आणि ती कामाला आली. दुसरी भट्टीत तापवून गंज काढलेली असावी, कारण ती थेट मुठीपर्यंत मऊ निघाली. तिसरीची फक्त पाठ घासावी लागली. करवतीचा मोड पडलेला भाग कापून उरलेल्या पात्याच्या खरडपट्ट्या, म्हणजे लाकूड खरवडून गुळगुळीत करायच्या पट्ट्या केल्या. रंध्याचा सांगाडा गेला, पण लिव्हर कॅप, पितळी नट आणि तो एक मूळ स्क्रू तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवलेत, दुसऱ्या रंध्यासाठी.